काळी तीन

ठाकुरद्वारला दाराएवढ्या रुंदीच्या दुकानात
माझे वडील, दाजी रेवंडकर, पेट्या दुरुस्त करायचे.
भात्याला ठिगळ, सुराला कानस,
भजनी मंडळांची उधारी दारामागे खडूने.

अडुसष्टच्या डिसेंबरात हॉटेलचा शिपाई टॅक्सी घेऊन आला :
साहेबांची पेटी बसली, चला.
दाजींनी टोपी घातली, हत्यारांची पिशवी घेतली, मला घेतलं.
मी नऊ वर्षांची. फ्रॉकचा बंद तुटलेला,
कमरेला सेफ्टी पिन.

अपोलो बंदरच्या त्या थंड हॉलमध्ये तिघे :
डेस्मंड पाइक, शेफील्डचा, ऑर्गनसमोर डोकं धरून;
कॉलिन हॅरोवर, मांडीवर गिटार, झोपलेला;
आणि ड्रमवाला एव्हरार्ड, त्रिनिदादचा,
त्याच्याशी शिपायानं आधी हिंदीत बोलून पाहिलं होतं.

दाजींनी ऑर्गनभोवती एक फेरी मारली.
"हिला भाता कुठाय? श्वास कुठनं घेते ही?"
शिपायानं याचं भाषांतर केलं नाही.

काळी तीन मुकी होती.
पट्टीखाली केसाएवढ्या तारा,
बोटीतून येताना खारं लागलेल्या.
दाजींनी स्पिरिट मागितलं.
दारूबंदीच्या शहरात साहेबानं परमिटची जिन पुढे केली.
दाजींनी वास घेतला, राम म्हटलं,
माझ्या फ्रॉकची पिन काढून टोकाला कापूस गुंडाळला.
दोन तास.
मी फ्रॉक मुठीत धरून उभी.
एव्हरार्ड एका काठीनं खुर्चीच्या पाठीवर
हळूहळू काहीतरी मोजत बसलेला.

मग काळी तीन बोलली.
शेजारच्या लाकडी कपाटात पंखा फिरू लागला
आणि सूर भोवंडला,
जत्रेतल्या पाळण्यातून कुणी हाक मारावी तसा.

पंचवीस रुपये. दाजींनी पावती दिली,
शिक्क्यासकट : ठाकुरद्वार, मुंबई ४.
पिन तिथेच राहिली.

त्यांचं पुढचं सगळं आम्हाला टपालानं कळलं.
सत्तर साली रेकॉर्ड आली. कव्हरवर तिघे
कोळशाच्या ढिगासमोर, एकाच विणीच्या स्वेटरांत.
मागच्या बाजूची तिसरी चीज : 'टकर डोअर'.
पोस्टमनला कळेना, शाळेतल्या बाईंना कळेना.
दाजींनी पावतीपुस्तक उघडून शिक्क्यावर बोट ठेवलं.
टकर डोअर. ठाकुरद्वार.
त्या दिवशी दुकानात पेढे.

प्लेअर कुठला! भुलेश्वरला सावल्यांकडे गेलो,
सत्यनारायणाला लाउडस्पीकर भाड्यानं देणारे.
त्यांच्या भोंग्यातून शेफील्ड वाजलं.
दाजी मान डोलवत होते, मग डोलवायचे थांबले.
"काळी तीन वाजवत नाही हा.
तिथवर येतो आणि हात उचलतो. परत लाव."
तीनदा लावली. तीनदा तिथं एक रिकामी मात्रा,
एव्हरार्डची काठी एकदा टकटकते, आणि पुढे.
"मी केली होती ना नीट?"
रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या रेकॉर्डमध्ये चाळीस व्हायोलिनं होती, ती चालली नाही.
चौऱ्याहत्तरला हॅरोवर विमा कंपनीत.
एव्हरार्ड लीड्सला पोरांना स्टीलचे ड्रम शिकवतो म्हणे.
पाइकचं शेवटचं कार्ड समुद्रकाठच्या कुठल्याशा गावाहून :
सुट्टीच्या छावणीत वाजवतो, म्हातारी जोडपी नाचतात,
खारं पुन्हा लागलंय, बाकीच्या पट्ट्या चालल्या,
तुमची मात्र उत्तम आहे.
बाईंनी वाचून दाखवलं.
दाजी म्हणाले, "मग वाजव की, गाढवा."
ते एक्याऐंशीला गेले. पुढे कार्ड आलं नाही,
किंवा नव्या भाडेकरूकडे गेलं असेल.

परवा लोअर परळला, नातीच्या घरी,
कुठल्याशा कंपनीनं पुन्हा काढलेली तीच तबकडी.
नात म्हणाली, आजी, ऐक, भारी आहे.
ऐकली.
ती रिकामी मात्रा आली
आणि माझा हात कमरेला गेला,
फ्रॉक धरायला.